शिप्रा, पुवा आणि वॉर्डातल्या सिस्टर

मननासाठी वचने: निर्गम १:१५-२१, १ राजे १९:१-१८, लूक १०:२५-३७



बऱ्हाणपुरात कोणाकडे पाहुणे आले की आपण त्यांना तापीपलीकडे जैनाबादला आहुखाना दाखवायला नेतो. तिथे उभे राहून सगळे तीच गोष्ट सांगतात. १७ जून १६३१ रोजी मुमताज महल याच शहरात चौदाव्या बाळंतपणात वारली. बाळ जगले, त्या मुलीचे नाव गौहर आरा. बेगमेचा देह काही महिने इथेच ठेवला होता, मग आग्र्याला नेला आणि तिथे ताजमहाल उभा राहिला. बादशहाचे दुःख, संगमरवर, कारागीर, सगळे आपल्याला पाठ आहे. बेगमेच्या सेवेतल्या सती-उन-निसाचे नावही इतिहासात उरले आहे.

पण बाळंतपण म्हटले की पाणी तापवणाऱ्या, कंबर दाबून धरणाऱ्या, रक्ताचे कपडे उचलणाऱ्या आणि पहिले रडणे ऐकून बाळ पुसून घेणाऱ्या बायका असतातच. त्या सुइणींची नावे आहुखान्यात कोणी सांगत नाही आणि कोणी विचारतही नाही.

आता पवित्र शास्त्रातले निर्गमाचे पहिलेच पान उघडा. तिथेही राजा आहे, बाळंतपणे आहेत आणि सुइणी आहेत. पण शास्त्राने उलटे केले आहे. त्या दोन सुइणींची नावे लिहून ठेवली आहेत: शिप्रा आणि पुवा. ज्या फारोसमोर सारा मिसर थरथरत होता त्याचे नाव मात्र तिथे दिलेले नाही. तो नुसता ‘मिसराचा राजा’. माणसांच्या इतिहासात बादशहाला नाव असते आणि सुईण निनावी राहते. देवाच्या वहीत सुईण नावानिशी आहे.

१२ मे हा परिचारिका दिन. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा हा जन्मदिवस. त्या १८२० साली जन्मल्या. या दिवशी आपण मंडळीतल्या नर्सभगिनींना पुढे बोलावतो, एक फूल देतो, त्यांना ‘देवदूत’ म्हणतो आणि टाळ्या वाजवतो. आम्ही स्वयंसेवकांनीही बरीच वर्षे हेच केले. या वेळी मात्र आम्हाला वाटले की आधी थोडा इतिहास नीट वाचावा आणि मगच फूल द्यावे.

आपल्या मराठी ख्रिस्ती घरांशी या पेशाचे नाते जुने आहे. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत रुग्णालय उभे केले आणि १८९७ मध्ये तिथे परिचारिकांचे शिक्षण सुरू झाले. त्या काळी परक्याच्या अंगाला हात लावणे, मलमूत्र काढणे, पुरुषांच्या वॉर्डात रात्र काढणे ही कामे ‘चांगल्या घरच्या’ बाईला शोभत नाहीत असे समाज मानत होता. विटाळाची भीती होती, जातीची भीती होती. म्हणून या कामाला सुरुवातीला पुढे आल्या त्या बऱ्याच अंशी ख्रिस्ती मुली आणि घराने टाकलेल्या विधवा. त्यांनी आजाऱ्याला जात विचारली नाही, ही आपल्यासाठी अभिमानाची गोष्ट आहे. पण अभिमानाच्या भरात एक गोष्ट आपण विसरतो. ज्या कामाला समाजाने हलके मानले, ते करणारीलाही त्याने हलकेच मानले. तिची सेवा घेतली, तिला मान दिला नाही. आजही सिस्टरशी कोणी अरेतुरेच्या भाषेत बोलतो, तेव्हा त्या जुन्या तिरस्काराचाच तुकडा त्याच्या तोंडून पडत असतो.

हा तिरस्कार भीतीत मिसळला की काय होते, तेही त्याच दशकात दिसले. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. रोग्यांना घरातून उचलून आर्थर रोडच्या रुग्णालयात नेऊ लागले. तिथे गेलेला परत येत नाही, तिथे माणसाला मारूनच टाकतात, अशा अफवा चाळीचाळीत पसरल्या. २९ ऑक्टोबर १८९६ रोजी सुमारे हजार गिरणी कामगारांचा जमाव त्या रुग्णालयावर चालून गेला. ही माणसे मुळात दुष्ट नव्हती. त्यांची माणसे आत होती, त्यांना कोणी काही नीट सांगत नव्हते, आणि सरकारची सक्ती तर दारात येऊन बसली होती. पण त्यांचा राग ज्यांच्या अंगावर गेला, त्यांनी ना प्लेग आणला होता ना सक्तीचा हुकूम काढला होता.

याच साथीत पुण्याजवळ सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची सेवा करत होत्या. एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन आपल्या मुलाच्या, डॉ. यशवंतांच्या दवाखान्यात पोचवले. त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. रोग्याला पाठीवर घेणारी माणसे आणि त्याच्या दवाखान्यावर चाल करणारी माणसे, दोन्ही एकाच काळातली आणि एकाच भाषेतली होती.

१८९७ च्या फेब्रुवारीत सरकारने साथीच्या रोगांचा कायदा केला. त्या कायद्याने सरकारी अंमलदारांना संरक्षण दिले. त्यांनी सद्हेतूने केलेल्या कामाबद्दल त्यांच्यावर दावा लावता येणार नव्हता. पण रोग्याच्या उशाशी बसणाऱ्या बाईवर कोणी हात टाकला तर काय, याबद्दल तो कायदा गप्प होता. त्याला १२३ वर्षांनी बोलावे लागले. कोविडच्या सुरुवातीला, १ एप्रिल २०२० रोजी, आपल्याच राज्यात इंदूरच्या टाटपट्टी बाखल भागात तपासणीला गेलेल्या आरोग्य पथकावर दगडफेक झाली. देशात इतरत्रही असे प्रकार घडले. २२ एप्रिल २०२० रोजी केंद्र सरकारने वटहुकूम काढून त्या जुन्या कायद्यात दुरुस्ती केली. साथीच्या काळात आरोग्यसेवकावर हल्ला करणाऱ्याला तीन महिने ते पाच वर्षे, आणि गंभीर इजा झाल्यास सहा महिने ते सात वर्षे कैद, अशी शिक्षा त्यात आली. त्याआधी मध्य प्रदेशाने २००८ मध्ये आणि महाराष्ट्राने २०१० मध्ये असे स्वतंत्र कायदे केले होते. कायदे झाले हे चांगलेच झाले. पण हात उगारला जातो त्या क्षणी वॉर्डात कायदा उभा नसतो. तिथे आपण उभे असतो.

हे आम्ही दुसऱ्यांविषयी लिहीत नाही. आमच्यातल्याच एका कुटुंबाचे वडील एका रुग्णालयात दाखल होते. रात्री सलाईन संपले, बाटलीत हवा दिसू लागली, सगळे घाबरले. आम्ही सात-आठ जण वॉर्डात होतो. खरे तर इतक्या जणांनी तिथे असायलाच नको होते. सिस्टर दुसऱ्या टोकाला एका पेशंटला ऑक्सिजन लावत होती. त्या रात्री त्या वॉर्डाला ती एकटीच होती. ती आली तेव्हा आमच्यातला एक जण टेबलावर हात आपटून तिच्यावर ओरडला, तिच्या आईवडिलांपर्यंत गेला. ती एक पाऊल मागे सरून औषधांच्या कपाटाला टेकली. मग तिने बाटली बदलली. आमच्यापैकी कोणीही ‘गप्प बस रे’ म्हटले नाही. तासाभरापूर्वी त्याच पलंगाभोवती आम्ही डोळे मिटून प्रार्थना केली होती. पहाटे वडिलांचे अंथरूण खराब झाले, तेव्हा ते तिनेच बदलले. दोन दिवसांनी माफी मागायला गेलो तर तिची ड्यूटी दुसरीकडे लागली होती. ती माफी अजून आमच्याजवळच पडून आहे.

आर्थर रोडवरच्या जमावाबद्दल वाचताना म्हणून आम्हाला वाईट वाटण्याआधी लाज वाटली. कारण आम्ही त्यांना ओळखले.

आता मुंबईच्याच दुसऱ्या रुग्णालयाकडे वळू. आपल्या गावात दुखणे वाढले की आपण गाडी पश्चिमेकडची धरतो: भुसावळ, जळगाव, आणि तिथेही जमले नाही तर मुंबई. मुंबईत परळचे केईएम हे गरिबांचे मोठे रुग्णालय. तिथे अरुणा शानबाग नावाची पंचवीस वर्षांची परिचारिका काम करत होती. ती मूळची कर्नाटकातल्या हळदीपूरची. २७ नोव्हेंबर १९७३ च्या संध्याकाळी काम संपवून ती तळघरात कपडे बदलत असताना तिथल्याच एका सफाई कामगाराने कुत्र्याची साखळी तिच्या गळ्याभोवती आवळली आणि तिच्यावर लैंगिक अत्याचार केला. मेंदूला रक्तपुरवठा थांबला. दुसऱ्या दिवशी सकाळी ती रक्ताने माखलेली, बेशुद्ध सापडली. ती पुन्हा कधी बोलली नाही, उठून चालली नाही. खटला चालला तो हल्ल्याचा आणि चोरीचा; बलात्काराचा आरोप त्यात आलाच नाही. गुन्हेगार सात वर्षांची शिक्षा भोगून बाहेर पडला. अरुणा मात्र त्याच रुग्णालयात राहिली, १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने जाईपर्यंत, म्हणजे जवळजवळ ४२ वर्षे.

या ४२ वर्षांत केईएमच्या परिचारिकांनी तिला भरवले, न्हाऊ घातले, कूस बदलली. १९८० च्या दशकात महापालिकेने तिला दुसरीकडे हलवायचे ठरवले, तेव्हा परिचारिका विरोधात उभ्या राहिल्या आणि तो बेत सोडून द्यावा लागला. जुन्या निवृत्त झाल्या, नव्या आल्या. १९७३ मध्ये ज्यांचा जन्मही झाला नव्हता अशा मुलींनी तिची सेवा केली. इतकी वर्षे अंथरुणाला खिळूनही तिच्या अंगावर शय्याव्रण नव्हते, याची सर्वोच्च न्यायालयाने दखल घेतली. ज्यांच्या घरात कोणी वर्षभर जरी अंथरुणाला खिळून होते, त्यांना विचारा. ते सांगतील या एका वाक्यात किती रात्री आहेत.

२०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे प्रश्न आला की अरुणाला अन्न देणे थांबवावे काय. पत्रकार पिंकी विराणी यांनी तिच्या वतीने अर्ज केला होता. दयामरणाचा तो वाद मोठा आहे आणि आज आम्ही त्यात शिरत नाही. पण निकाल देताना न्यायालयाला आधी एक वेगळाच प्रश्न सोडवावा लागला: हिच्या वतीने बोलण्याचा अधिकार कोणाचा? हिचे आपले माणूस कोण? ७ मार्च २०११ च्या निकालात उत्तर आले की केईएमचे कर्मचारी. ज्यांनी रात्रंदिवस सेवा केली, तेच तिचे आपले. त्या कर्मचाऱ्यांना ती जगायला हवी होती, आणि अर्ज फेटाळला गेला.

बंधुभगिनींनो, हा प्रश्न तुम्ही कुठे तरी ऐकला आहे ना? एका शास्त्र्याने प्रभूला तोच विचारला होता: माझा शेजारी कोण? प्रभूने त्याला यरुशलेमहून यरीहोला जाणाऱ्या वाटेवरच्या जखमी माणसाची गोष्ट सांगितली. याजक गेला, लेवी गेला, शोमरोनी थांबला.

या गोष्टीवर आपण शेकडो प्रवचने ऐकली आहेत आणि प्रत्येक वेळी स्वतःला शोमरोन्याच्या जागी ठेवले आहे. पण त्या गोष्टीत आणखी एक माणूस आहे. त्याच्याकडे आम्ही इतकी वर्षे पाहिलेच नव्हते. तो म्हणजे उतारशाळेचा रक्षक. शोमरोनी एक रात्र राहिला आणि सकाळी आपल्या कामाला गेला. नंतरच्या रात्री कोणी काढल्या? जखमा कोणी धुतल्या, पेज कोणी पाजली, कण्हणे कोणी ऐकले? त्या रक्षकाने. आपल्या गावात, आपल्या काळात ती जागा सिस्टरची आहे. आपण भेटायला जातो, नारळपाणी ठेवतो, प्रार्थना करतो आणि शेवटची बस धरतो. ती तिथेच राहते.

आणि शोमरोन्याने जाताना काय केले? त्याने रक्षकाला देवदूत म्हटले नाही. त्याने पैसे काढून हातात ठेवले आणि सांगितले की याहून जास्त खर्च झाला तर मी परत येईन तेव्हा फेडीन. मोबदला दिला, जबाबदारी आपल्याकडे ठेवली आणि परत येण्याचा शब्द दिला. जखमी माणसावर दया करणे म्हणजे त्याची काळजी घेणाऱ्याला वाऱ्यावर सोडणे नव्हे, हे त्याला ठाऊक होते.

आपल्या समाजाने हा शेवटचा भाग गाळला. अरुणाच्या मैत्रिणींच्या त्यागाचे कौतुक सगळ्यांनी केले. पण दिवसभर राबलेल्या परिचारिकेला कपडे बदलायला तळघर का गाठावे लागावे, हा प्रश्न कौतुकाच्या आवाजात बुडाला. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात रात्रपाळीवरच्या एका तरुण डॉक्टरवर अत्याचार करून तिला मारण्यात आले. तेव्हा सर्वोच्च न्यायालयात अरुणाचे नाव पुन्हा निघाले. २० ऑगस्टला न्यायालयाने राष्ट्रीय कृती दल नेमले. रात्रपाळीवाल्यांना विश्रांतीची खोली नाही, स्वच्छतागृह नाही, येण्या-जाण्याची सोय नाही, हे तेव्हा मोठ्याने बोलले गेले. दोन घटनांमध्ये पन्नासपेक्षा जास्त वर्षे होती. पगाराचेही तसेच. सर्वोच्च न्यायालयाच्या सांगण्यावरून नेमलेल्या समितीने २०१६ मध्ये सुचवले की पन्नास खाटांपेक्षा लहान खासगी रुग्णालयातही नर्सला महिना २०,००० रुपयांपेक्षा कमी पगार नसावा. तुमच्या ओळखीच्या एखाद्या सिस्टरला तिचा पगार विचारून पाहा. शोमरोन्याने ठेवलेले पैसे तिच्यापर्यंत पोचले आहेत की नाहीत ते कळेल.

मारहाण दिसते, शिवी ऐकू येते. पण रोजचा शीण दिसत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये ‘बर्नआउट’ची व्याख्या केली. तो रोग नाही, तर कामाच्या ठिकाणी सतत साचलेल्या आणि न निवळलेल्या ताणातून येणारी अवस्था आहे, असे सांगितले. तिच्या तीन खुणा: अंगातली शक्ती संपणे, कामापासून मन तुटणे आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असे वाटणे. आपल्यातल्या काही नर्सभगिनी ही दुसरी खूण पाप समजून मनात ठेवतात. ‘हल्ली पेशंट कण्हला तरी आत काही हलत नाही, मी इतकी कठोर कशी झाले?’ असे एकीने आम्हाला हळू आवाजात विचारले.

ताई, तुम्ही कठोर झालेल्या नाही. तुम्ही एलीयाच्या झुडपाखाली बसल्या आहात.

कर्मेलवर अग्नी उतरवणारा हा संदेष्टा ईजबेलीच्या धमकीनंतर रानात पळाला, रतामाच्या झुडपाखाली बसला आणि मरण मागू लागला. देवाने त्याला काय केले ते क्रमाने पाहा. रागावला नाही. विश्वास कमी पडला असे म्हणाला नाही. आधी झोपू दिले. मग दूताच्या हाती निखाऱ्यावरची भाकर आणि पाणी दिले. पुन्हा झोपू दिले, पुन्हा खाऊ घातले, कारण वाट त्याला झेपणारी नव्हती. होरेबावर नेऊन त्याचे गाऱ्हाणे दोनदा ऐकून घेतले. तू एकटा नाहीस, आणखी सात हजार आहेत, हे सांगितले. आणि शेवटी त्याच्या जागी पुढे काम करायला अलीशा दिला.

म्हणजे झोप, जेवण, ऐकणारा कान आणि कामाला दुसरा माणूस. थकलेल्या सेवकाला देवाने दिलेले औषध हे आहे. आपण मात्र नर्सला उपदेश देतो, फूल देतो, आणि रात्रपाळी करून आलेल्या भगिनीला विचारतो की रविवारी उपासनेला का दिसली नाहीत.

म्हणून या वर्षी आम्ही काही साध्या गोष्टी ठरवल्या आहेत. आजाऱ्याच्या भेटीला दोघांपेक्षा जास्त जाणार नाही, आणि वॉर्डात शिरताना सिस्टरला विचारून जाऊ. तिचे नाव विचारू आणि त्याच नावाने प्रार्थनेत तिला आठवू. आपल्यातल्या कोणाचा आवाज चढला, तर त्याचा हात धरून बाहेर नेण्याचे काम आपले, वॉचमनचे नव्हे. रात्रपाळीच्या भगिनींना दुसऱ्या दिवशी मंडळीचे कोणतेही काम लावणार नाही. त्यांच्या घरी महिला मंडळाकडून डबा जाईल. आपल्यापैकी जे रुग्णालये चालवतात किंवा त्यांच्या समितीवर बसतात, त्यांना आम्ही नम्रपणे विचारू: कपडे बदलायला कडी लागणारी खोली आहे का? जिन्यात दिवा आहे का? रात्री वॉर्डात दुसरी सिस्टर आहे का? आणि कोणा भगिनीवर हात उगारला गेलाच, तर तिने एकटीने पोलीस ठाण्याची पायरी चढू नये. आम्ही सोबत जाऊ.

शिप्रा आणि पुवा यांनी देवाचे भय धरून बाळे जगवली. देवाने त्यांचे भले केले आणि त्यांची घरे वसवली. त्यानेही त्यांना नुसते शाबास म्हटले नाही; त्यांना घर दिले.

प्रार्थना करू या. हे दयाळू प्रभू, ज्या रात्री आम्ही ओरडलो त्या रात्रीची आम्हाला क्षमा कर. जिची माफी आम्ही मागू शकलो नाही, ती आज जिथे ड्यूटीवर असेल तिथे तिला सांभाळ. थकलेल्यांना झोप दे, भाकर दे, सोबतीला अलीशा दे. आणि उतारशाळेत आम्ही जी जबाबदारी ठेवून आलो, ती फेडायला आम्हाला परत पाठव. येशूच्या नावाने मागतो. आमेन.